गर्भनिरोधक गोळी, चर्चची शिकवण आणि बाईचा जीव

बावखल (सोमवार, रात्री १०:१४)

एक गोष्ट आधी स्वच्छ लिहिते, कारण आमच्या वसई पट्ट्यात ती कित्येक घरांत माहीतच नाही. दुखण्यावर औषध म्हणून हार्मोनची गोळी घ्यायला कॅथलिक चर्चची मनाई नाही. पोप पॉल सहावे यांनी २५ जुलै १९६८ रोजी 'हुमाने विते' या पत्रावर सही केली. कृत्रिम गर्भनिरोधनावरच्या बंदीमुळे ते जगभर गाजलं. त्याच पत्राचा १५ वा परिच्छेद म्हणतो की आजार बरा करायला जो उपचार लागेल तो घेता येतो, त्यापायी गर्भ राहणार नाही हे आधीपासून माहीत असलं तरीही. फक्त गर्भ रोखणं हाच हेतू नसावा.

मी स्त्रीरोग विभागात नर्स आहे आणि रविवारची मिस्सा चुकवत नाही. आमच्याकडे एक विशीतली मुलगी यायची. एंडोमेट्रिओसिस होता, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढून पाळीत भयंकर दुखतं तो आजार. पाळी आली की पोटाशी उशी घट्ट धरून लादीवर पडून राहायची, नोकरी त्यापायी सुटायला आली होती. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. पुढच्या खेपेला तिच्या आईने अख्खी स्ट्रिप परत आणून टेबलावर ठेवली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, एकही गोळी न फोडलेली. "सिस्टर, आपल्यात हे चालत नाय. हिचं लगीन ठरलंय, कोणाला कळलं तर?" मी त्यांना पंधरावा परिच्छेद समजावला. त्यांनी जाऊन फादरांना विचारलं, फादरांनीही तेच सांगितलं. तेव्हा कुठे औषध सुरू झालं. तोवर त्या पोरीने जे सोसलं ते कोणाच्याच शिकवणीत बसत नव्हतं.

हा झाला सोपा भाग. आता अवघड. जिच्या गर्भाशयाला काही झालेलं नाही, पण पुढचं बाळंतपण जिच्या जिवावर बेतेल, तिने काय करायचं? शिकवणीप्रमाणे तिला वाट एकच: चक्रातले गर्भ न राहणारे दिवस ओळखून तेवढ्यातच जवळ यायचं, नाहीतर पूर्ण संयम. गोळी, निरोध, कॉपर टी, नसबंदी, काहीच नाही. हे मला पटत नाही, आणि मी चर्च सोडूनही जाणार नाही. दोन्ही बाजूंनी लिहा, पण ती बाई डोळ्यांसमोर ठेवून लिहा.

स्टेथो (सोमवार, रात्री ११:०२)

बावखलताई, धागा काढलात ते बरं केलंत. मी कॅथलिक नाही, स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तेव्हा धर्माचं तुम्ही बघा, वैद्यकाचं मी लिहितो.

एंडोमेट्रिओसिस, पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होणं), पाळीत अतिरक्तस्राव आणि त्यातून येणारा अ‍ॅनिमिया, या सगळ्यांत हार्मोनच्या गोळ्या हा नेहमीचा उपचार आहे. 'गर्भनिरोधक' हा त्यांचा एक उपयोग झाला, एकमेव नव्हे. शिवाय काही वर्षं गोळी घेतलेल्या बायकांत अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका कमी झालेला दिसतो, आणि गोळी थांबवल्यावरही हा फायदा बरीच वर्षं टिकतो. दुसरी बाजूही सांगायला हवी. मिश्र, म्हणजे दोन हार्मोनांच्या, गोळीने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, गोळी चालू असताना स्तनाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो. रक्तदाब जास्त असेल, डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारी मायग्रेन असेल, तर ही गोळी मी देत नाही. मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नये ते यासाठीच.

जोगिणींचं, म्हणजे नन्सचं, उदाहरण या विषयात फार जुनं आहे. बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७१३ मध्ये लिहून ठेवलं की मठातल्या नन्समध्ये स्तनाचा कॅन्सर इतर बायकांपेक्षा जास्त दिसतो. मूल नाही, अंगावर पाजणं नाही, म्हणजे आयुष्यभर बीजनिर्मितीची चक्रं जास्त. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०११ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्या कारा ब्रिट आणि रॉजर शॉर्ट यांनी हाच धागा पकडून मांडलं की अंडाशयाचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर टाळायला नन्सना गोळी उपलब्ध असावी. आणि आधार कशाचा? पंधराव्या परिच्छेदाचाच.

आता तुमचा अवघड भाग. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसलेल्या बायका अजूनही येतात. गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. आकसलेल्या झडपेतून ते पुढे जात नाही, फुप्फुसात पाणी भरतं. फुप्फुसाचा रक्तदाब फार वाढलेल्या बाईला तर आम्ही स्पष्टच सांगतो की गर्भ राहता कामा नये. अशा बाईला 'जवळपास खात्रीची' पद्धत पुरत नाही. तिला मिश्र गोळीही चालत नाही. कॉपर टी, इम्प्लांट (दंडात त्वचेखाली बसवायची हार्मोनची कांडी) किंवा नवऱ्याची नसबंदी, असं काहीतरी पक्कं लागतं.

चाफा (मंगळवार, सकाळी ७:४०)

मी हिंदू घरातली, त्यामुळे माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. दिवस मोजून टाळलेलं चालतं आणि गोळीने टाळलेलं नाही. हेतू तर दोन्हीकडे एकच ना?

मांडवी (मंगळवार, सकाळी ९:२५)

चाफा, हा प्रश्न आमच्या लग्नपूर्व तयारी शिबिरात दर वेळी कोणीतरी विचारतंच. मी आणि माझी बायको तिथे बोलायला जातो, म्हणून मी उत्तर देतो.

चर्चचं म्हणणं असं की पती-पत्नीच्या जवळ येण्यात दोन गोष्टी एकत्र असतात, एकमेकांचं होणं आणि नव्या जिवाला वाट मोकळी ठेवणं. या दोन्हींची फारकत माणसाने स्वतःच्या हाताने करू नये. दिवस पाळणारं जोडपं त्या क्रियेत काही बदलत नाही, काही दिवस ते दूर राहतं. निरोध किंवा गोळी वापरणारं जोडपं क्रिया करतं आणि तिचा अर्धा अर्थ काढून घेतं. पटो न पटो, हा विचार वरवरचा नाही. १९३० पर्यंत जवळपास सगळे ख्रिस्ती पंथ हेच मानायचे. त्या वर्षी लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी दार किलकिलं केलं आणि ३१ डिसेंबरला पोप पायस अकरावे यांनी 'कास्ती कोनुबी' हे पत्र काढून आपलं दार लावून घेतलं. १९५१ मध्ये पायस बारावे यांनी इटलीतल्या सुईणींपुढे बोलताना गंभीर कारण असेल तर दिवस पाळण्याला मान्यता दिली. चर्च 'जेवढी होतील तेवढी मुलं' म्हणतं हा गैरसमज आहे. 'हुमाने विते'चा दहावा परिच्छेद जबाबदार पालकत्वावरच आहे, आणि पुरेसं कारण असेल तर मूल न होऊ देण्याचा निर्णय त्यात बसतो.

आम्ही बिलिंग्ज पद्धत पाळली, म्हणजे योनीतला स्राव बघून गर्भ राहण्याचे दिवस ओळखायचे. जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज हे मेलबर्नचं डॉक्टर जोडपं. कपाटाच्या दाराला आतून तक्ता चिकटवलेला असायचा. रक्तस्रावाच्या दिवशी लाल पट्टी, कोरड्या दिवशी हिरवी, ओलसर आणि ताणला जाणारा स्राव दिसला की बाळाचं चित्र असलेली पांढरी. पट्टी ती लावायची, पण तक्ता दोघांनी बघायचा. बायकोला तिचं शरीर कळलं आणि मला माझी बायको कळली, हे मी मनापासून लिहितोय.

आणखी एक. सतराव्या परिच्छेदात पोपनी लिहिलं होतं की ही साधनं उद्या सरकारच्या हाती गेली तर सरकार ती लोकांवर लादेल. १९७६-७७ या एका वर्षात आपल्या देशात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या. तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारं विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून वाचलो.

रानजाई (मंगळवार, दुपारी १:१०)

मांडवीभाऊ, तुमच्या घरचा तक्ता दोघं बघत होता, म्हणून तो चालला. मी बचतगटांत काम करते. पांढरी पट्टी आहे म्हणून "आज नको" म्हणायची सोय किती बायकांना असते? दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला तक्ता कोण दाखवणार? ज्या पद्धतीचं यश नवऱ्याच्या समजूतदारपणावर उभं आहे, ती पद्धत समजूतदार नवरा असलेल्या बाईपुरतीच चालते.

आणि सक्तीचं म्हणाल तर पटतं, पण पूर्ण चित्र बघा. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात एका दिवसात ८३ बायकांच्या नसबंद्या उरकल्या आणि त्यातल्या डझनाहून अधिक दगावल्या. सुप्रीम कोर्टाला २०१६ मध्ये अशी शिबिरं बंद करायला सांगावं लागलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत विवाहित बायकांमध्ये स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. म्हणजे सरकारी वाट असो की चर्चची, शरीर पणाला लागतं ते बाईचंच. म्हणून साधन तिच्या हातात हवं आणि निर्णयही तिचाच हवा.

मांडवी (मंगळवार, दुपारी २:३५)

रानजाईताई, जबरदस्तीच्या मुद्द्यावर चर्च तुमच्याच बाजूचं आहे. तेरावा परिच्छेद सांगतो की जोडीदाराची अवस्था आणि इच्छा न बघता लादलेला संबंध हे प्रेम नव्हेच. शिबिरात मी तो मोठ्याने वाचतो. पुरुष माना खाली घालतात, पण ऐकतात.

रानजाई (मंगळवार, दुपारी २:५०)

वाचता हे चांगलंच आहे. पण त्या रात्री तिच्याजवळ परिच्छेद नसतो. कॉपर टी असती तर ती असती.

डब्लिनवासी (मंगळवार, संध्याकाळी ६:२०)

मी आयर्लंडमध्ये राहतो. बावखलताईंनी जी बाई डोळ्यांसमोर ठेवायला सांगितली, ती इथे खरोखर होऊन गेली आणि तिने देशाचा कायदा बदलवला, म्हणून सविस्तर लिहितो.

इथे १९३५ च्या कायद्याने गर्भनिरोधक साधनांची विक्री आणि आयात दोन्ही बंद होती. कायदा शिकवणीबरहुकूम झालेला. मे मॅगी ही डब्लिनच्या उत्तरेला राहणाऱ्या मच्छीमाराची बायको. पंचविशीतच चार मुलं, त्यातली दोन जुळी. गरोदरपणात रक्तदाब बेफाम वाढायचा. एकदा मेंदूत गुठळी होऊन जिवावरचं दुखणं झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता पुन्हा गर्भ राहिला तर मरशील किंवा लुळी पडशील. गोळी तिला चालण्यासारखी नव्हती, म्हणून डायाफ्राम (गर्भाशयाच्या तोंडावर बसणारी रबरी टोपी) बसवून दिला. त्याच्यासोबत लागणारी जेली इंग्लंडहून टपालाने मागवली. ती कस्टमने जप्त केली आणि घरी पत्र आलं.

नवरा-बायको दोघंही कॅथलिक, पैसा नाही, तरी ते कोर्टात गेले. खाली हरले. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९७३ मध्ये चार विरुद्ध एक असा निकाल दिला की विवाहितांच्या खाजगी आयुष्यात सरकारने असं शिरणं घटनाबाह्य आहे. साक्षीत नवऱ्याने सांगितलं होतं की तिच्या थडग्यावर फुलं वाहण्यापेक्षा तिने ही साधनं वापरलेली मला चालतील.

त्याआधी, २२ मे १९७१ ला, इथल्या स्त्रीमुक्तीवाल्या बायका आगगाडीने बेलफास्टला गेल्या, तिथून उघडपणे साधनं आणली आणि डब्लिन स्टेशनवर कस्टमवाल्यांसमोर धरली. बेलफास्टला चिठ्ठीशिवाय गोळी मिळेना, तेव्हा त्यांनी अ‍ॅस्पिरिनची पाकिटं घेतली आणि गोळी म्हणून तीच दाखवली. १९७९ मध्ये कायदा आला, तोही डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि खऱ्या कुटुंबनियोजनासाठी असेल तरच. निरोध विनाचिठ्ठी मिळायला १९८५ उजाडलं. मधली वर्षं डॉक्टर गोळी 'पाळी नियमित करायला' म्हणून लिहून देत होते. पंधराव्या परिच्छेदाच्या आधाराने आख्खा देश चालला असं म्हटलं तरी चालेल. आज १७ वर्षांपासून पस्तिशीपर्यंत गर्भनिरोधन सरकारकडून मोफत आहे.

चाफा (मंगळवार, संध्याकाळी ७:०५)

मूळच्या बेळगावच्या सविता हलप्पनवार २०१२ मध्ये गेल्या ते तिथेच ना, गॉलवेला?

बावखल (मंगळवार, संध्याकाळी ७:३०)

हो चाफा, आणि ते आठवलं की आजही पोटात तुटतं. पण तो गर्भपाताच्या कायद्याचा विषय, त्याला स्वतंत्र धागा हवा. इथे गर्भ राहण्याआधीचंच बोलूया.

डब्लिनवासी, मॅगी बाईंचं इतकं बारीक माहीत नव्हतं. हेच मला विचारायचंय, मांडवी. त्या बाईला तुम्ही शिबिरात काय सांगाल?

हेमंत_प (मंगळवार, रात्री ९:४८)

मांडवी उत्तर देतील तोवर थोडा इतिहास, कारण 'चर्चचं मत' एकमुखाने ठरलं नव्हतं.

पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ मध्ये या प्रश्नावर आयोग नेमला. पॉल सहावे यांनी तो वाढवत नेला, १९६६ पर्यंत त्यात सत्तरच्या आसपास माणसं होती. डॉक्टर, लोकसंख्यातज्ज्ञ, धर्मपंडित आणि काही विवाहित जोडपीही. शिकागोच्या पॅटी आणि पॅट क्रॉली यांनी जगभरच्या कॅथलिक जोडप्यांची पत्रं गोळा करून आयोगापुढे ठेवली. दिवस मोजताना नवरा-बायकोत येणारा ताण, अनियमित पाळीमुळे चुकणारे हिशोब, सगळं त्यांत होतं. मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस शेवटच्या टप्प्यात आयोगाचे सदस्य होते. म्हणजे या टेबलावर आपल्याकडचा माणूस बसलेला होता. पॉल सहावे डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईला आले ते त्यांच्याच काळात.

आयोगातल्या बहुमताचं म्हणणं पडलं की बंदी सैल करावी. पोपनी अल्पमताच्या बाजूने निर्णय दिला. त्यानंतर काही आठवड्यांतच जर्मन बिशपांनी आणि सप्टेंबर १९६८ मध्ये विनिपेगला कॅनडाच्या बिशपांनी निवेदनं काढली. प्रामाणिक प्रयत्न करूनही ज्यांना हे पाळता येत नाही, त्यांनी सद्सद्विवेकाने घेतलेल्या निर्णयाला त्यांत जागा ठेवलेली होती.

माझं वैयक्तिक मत, ज्या आयोगाने विवाहित बायकांचं ऐकलं त्याचंच मानायला हवं होतं.

मांडवी (मंगळवार, रात्री ११:१६)

बावखलताई, दिवसभर विचार करत होतो.

मॅगी बाईंना मी सांगेन की डॉक्टरांचं ऐका, गर्भ राहू देऊ नका. पुढे, शिकवण काय आहे ते न लपवता सांगेन आणि फादरांकडे पाठवेन. १९९७ मध्ये व्हॅटिकनने पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी मार्गदर्शिका काढली, तिचा सगळा सूर दयेचा आहे. पोप फ्रान्सिस २०१६ मध्ये झिकाच्या (गर्भातल्या बाळाला इजा करणाऱ्या विषाणूच्या) साथीत म्हणाले की गर्भधारणा टाळणं हे काही निखालस पाप नव्हे. पण शिकवण बदलली असं मी म्हणणार नाही, कारण बदललेली नाही. कठीण प्रसंगासाठी नियम मोडला की तो हळूहळू सगळ्यांसाठीच मोडतो, असं मला वाटतं.

बावखल (बुधवार, सकाळी ६:५०)

रात्रपाळी संपवून लिहितेय. मांडवी, तुम्ही सरळ लिहिलंत त्याबद्दल आभार.

पण बघा, दया फादरांच्या खोलीत मिळते, ऑपरेशन थिएटरात मिळत नाही. कॅथलिक हॉस्पिटलात नसबंदी होत नाही, हा नियम आहे. आणि ही हॉस्पिटलं कुठे आहेत? भारतात कॅथलिक हॉस्पिटलांची संघटना १९४३ मध्ये सिस्टर मेरी ग्लोअरी यांनी सुरू केली. त्या ऑस्ट्रेलियन, स्वतः डॉक्टर, गुंटूरला आयुष्य घालवलं. जिथे कोणी जात नव्हतं तिथे जायचं हीच या कामाची परंपरा. म्हणून आजही कित्येक आदिवासी पट्ट्यांत भरवशाचं हॉस्पिटल सिस्टरांचंच असतं. मला त्याचा अभिमान आहे.

आता तिसऱ्या सिझेरियनला आलेली बाई घ्या. जुन्या टाक्यांच्या जागी गर्भाशय इतकं पातळ झालेलं असतं की आतलं बाळ दिसतं. मी पाहिलंय. पुढच्या खेपेला ते फाटू शकतं. पोट उघडंच आहे, गर्भाशयाच्या नळ्या समोर आहेत, त्या बांधून नसबंदी करणं हे काही मिनिटांचं काम. तरी पोट शिवायचं आणि तिला सांगायचं, बरी झालीस की दुसरीकडे जाऊन करून घे. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा भाडं, पुन्हा कोणाच्या तरी हवाली लेकरं. कित्येक जणी जातच नाहीत आणि वर्ष-दीड वर्षात चौथ्यांदा येतात.

नेमका हाच प्रश्न व्हॅटिकनला विचारला गेला होता. ३१ जुलै १९९३ चं उत्तर: सिझेरियनांनी गर्भाशय कमकुवत झालं असलं तरी धोका पुढच्या गर्भधारणेत आहे, आज नाही, म्हणून नळ्या बांधणं मान्य नाही. २०१८ च्या डिसेंबरात नवं उत्तर आलं की गर्भाशय मूल वाढवण्याजोगं उरलेलंच नसेल तर ते काढता येईल. पण जिथे मूल राहू शकतं आणि आई मरू शकते, तिथे जुनंच उत्तर लागू.

ते पातळ झालेलं गर्भाशय आजचंच असतं हो. ते आजारी इंद्रिय आहे. पंधराव्या परिच्छेदात ते का बसत नाही, हे मला आजवर कोणी पटेल असं सांगितलेलं नाही.

स्टेथो (बुधवार, सकाळी ८:१५)

ताईंच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. तसं गर्भाशय हातात घेतलेल्या कोणालाही 'धोका पुढचा आहे' हे म्हणवणार नाही.

मांडवी (बुधवार, सकाळी १०:०५)

याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या शिबिराला येणाऱ्या धर्मशास्त्राच्या फादरांना हा परिच्छेद आणि १९९३ चं उत्तर शेजारी ठेवून विचारतो. आणि पंधरावा परिच्छेद मराठीत, सोप्या शब्दांत लिहून धर्मग्रामाच्या पत्रकात घालायचं मी बघतो. स्टेथोसाहेब, कोणत्या आजारांत गोळी औषध म्हणून देतात ते चार ओळींत लिहून द्याल का? खाली तुमचं नाव नको असेल तर नको.

स्टेथो (बुधवार, सकाळी १०:३०)

देतो. नावही घाला.

चाफा (बुधवार, दुपारी १२:२०)

माझ्या नणंदेचं दुसरं सिझेरियन अशाच मिशनच्या हॉस्पिटलात ठरलंय, तिथले डॉक्टर फार चांगले आहेत. तिला तिसरं नकोच आहे. तिने आता काय करावं?

स्टेथो (बुधवार, दुपारी १:०५)

चाफा, आत्ताच विचारायला सांगा, कळा सुरू झाल्यावर नको. "सिझेरियनच्या वेळी नळ्या बांधायच्या आहेत, इथे होतं का?" एवढा सरळ प्रश्न. नाही म्हणाले तर तिथे राग धरायचं कारण नाही, ते आधीच सांगतात. मग सातव्या महिन्याच्या आत जवळचं दुसरं हॉस्पिटल बघून तिथे नाव घाला, सगळे कागद आणि आधीच्या सिझेरियनची नोंद सोबत न्या. हॉस्पिटल बदलायचं नसेल तर नवऱ्याची बिनटाक्याची नसबंदी हा सगळ्यात सोपा उपाय. स्थानिक भूल, अर्ध्या तासात घरी. फक्त त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत असा रिपोर्ट आल्याशिवाय थांबवायचं नाही. हा शेवटचा भाग बरेच जण विसरतात.

चाफा (बुधवार, दुपारी १:२०)

आजच फोन करते तिला. आणि भावोजींनाही.